तिला फोटोत घ्यायचं नव्हतं

माझ्या मोबाइलमध्ये माझ्या पोराच्या लग्नाचे जेवढे फोटो नाहीत, तेवढे केळी खाणाऱ्या दुसऱ्यांच्या पोट्ट्यांचे आहेत. मी अंगणवाडीची बाई. मोहाडी तालुक्यात, करडीच्या अलीकडे आमचं गाव. सकाळी कुलूप उघडलं की फोटो, झाडून झालं की फोटो, पोरांनी हात धुतले की फोटो, खिचडी ताटात पडली की फोटो. त्यावर तारीख, वेळ आणि जागा आपोआप उमटते. आमच्यावर देखरेख करणाऱ्या मॅडम भंडाऱ्यात बसून ते बघतात आणि एखादा राहिला तर ग्रुपवर नुसतं लिहितात, "फोटो?" मागं ना पुढं काही. ते एवढंसं प्रश्नचिन्ह बघून मी भरल्या ताटावरून उठले आहे, आता बोला.

शिस्त लागते ती अशी. पोरांनाही लागली. खिचडी समोर आली की आमची पोट्टी ताटाला हात लावत नाहीत, आधी माझ्याकडं बघून दात दाखवतात. एक जण तर घरीसुद्धा आई वाढायला बसली की दात दाखवून थांबतो, असं त्याची आईच सांगत होती. मी म्हटलं, राहू दे, पुढं मोठा साहेब होईल.

गर्भार बायकांसाठी महिन्यातून एकदा ओटीभरणाचा कार्यक्रम असतो. त्यासाठी अंगणवाडीत एकच हिरवी साडी आहे. बाईच्या अंगावर जी साडी असेल तिच्यावरूनच ही गुंडाळायची, मांडीत नारळ ठेवायचा, फोटो काढायचा, सोडायची आणि दुसरीला गुंडाळायची. नारळही तोच. मॅडम एकदा म्हणाल्या, तुमच्या गावच्या बायकांना हिरवा रंग फार आवडतो वाटतं. मी म्हटलं, हो मॅडम, लय.

मग चेहऱ्याचं आलं. आहाराचं पाकीट द्यायचं तर बाईचा चेहरा मोबाइलला ओळखता आला पाहिजे. बाईनं पदर मागं घ्यायचा, कॅमेऱ्यात बघायचं आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे. रोवण्याच्या दिवसांत बायका दिवसभर वाकून धान लावतात आणि उन्हानं करपून येतात. एकीचा चेहरा काही केल्या जुळेना, कारण आधार कार्डावरचा फोटो लग्नाच्या आधीचा. ती मला म्हणाली, "बाई, त्याले म्हणा, मीच नाही वळखत आता तिले." सगळ्या हसल्या. पाकीट काही मिळालं नाही तिला त्या दिवशी.

हे झालं सरकारचं. आमच्या गावाला मात्र कॅमेऱ्याची गरज कधी पडलीच नव्हती. तलावाच्या पाळीवर एक बुढा बसतो. उमेदीत तो तलावातली मासोळी राखायचा, चोरून जाळं टाकणाऱ्यावर नजर ठेवायचा. आता नावेत चढवत नाही, पण नजर ठेवायची सवय तशीच राहिली. पाळीवरून एसटीचा थांबा दिसतो. कोण उतरलं, कोण चढलं, कोणाच्या पिशवीत काय, हे त्याला ठाऊक. मी तुमसरला बाजारात जाऊन भजी खाल्ली की माझ्या घरच्यांना मी परत यायच्या आत कळलेलं असायचं. तिथं कोणीतरी बघायचं, पाळीवर येऊन सांगायचं, आणि पाळीवरून गावभर.

ती आली तेव्हा पहिल्यांदा त्यानंच पाहिली. रोवणा जोरात होता, अख्खं गाव धानाच्या बांधीत वाकलेलं. सकाळच्या गाडीतून एक पोटुशी पोरगी उतरली आणि आमच्या शेजारच्या मावशीच्या घरात शिरली. बुढ्यानं दुपारपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, "मावशीची भाची आली. एकटीच. जवाई संगं नाही. पायात घरातल्या सपाता होत्या." घरातल्या सपाता म्हटल्यावर बायका काय समजायचं ते समजल्या.

मावशी म्हणजे सगळ्या गावाचीच मावशी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सख्ख्या बहिणीशी तिचं बोलणं बंद होतं. त्याच भाचीच्या लग्नात मानाच्या साडीवरून दोघी बहिणींचं बिनसलं होतं, साडी म्हणे पातळ होती. त्यामुळं पोरगी पळून कुठंही जाईल, पण मावशीकडं जाणार नाही, असं तिच्या सासरचे धरून चालतील हा तिचा हिशेब. सासर पवनीच्या बाजूला, कोंढ्याकडं. तिकडून भंडाऱ्याला गाडी बदलून ती आली होती.

दोन-तीन दिवसांनी मावशी तिला घेऊन अंगणवाडीत आली. मी सहज विचारलं, "काल दिसली नाही वं, कुठं गेलती?" ती उभी राहिली आणि सांगायलाच लागली. सकाळी उठली, नळावर गेली, नळावर कोण कोण होतं, परत आली, भाजी चिरली, मावशी बांधीत गेल्यावर दार लावलं, दार कोणी वाजवलं नाही. मी म्हटलं, बापा, मी काय पोलीस आहे काय? मावशीनं मला डोळ्यानं गप्प केलं.

मग मावशीनंच सांगितलं. लग्न झाल्या झाल्या नवऱ्यानं तिला नवा कोरा मोबाइल घेऊन दिला. मैत्रिणी म्हणाल्या, किती जीव लावतो. तो कामावर गेला की व्हिडिओ कॉल करायचा आणि ती म्हणायची, मी घरीच आहे. तर तो म्हणायचा, फिरव मोबाइल. ती फिरवायची. चारी भिंती, मोरी, खाटेखाली. कॉल उचलायला उशीर झाला तर संध्याकाळी मारायचा. पोटात पोर असतानाही मारलं. तिचा मोबाइल कुठं आहे तेही त्याला आपल्या मोबाइलवर दिसायचं, म्हणून ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी मोबाइल धानाच्या कोठीत चालूच ठेवून आली. "तो पाहून राहिला असंल," मावशी म्हणाली, "घरातच हाय म्हणून." हे सांगताना मावशीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. माझं डोकं फिरलं होतं. त्या माणसाचा गळा धरावा असं वाटलं, स्पष्टच सांगते.

पण मी पडले सरकारची बाई. मी मोबाइल काढला, म्हटलं हिचं नाव तरी घालू, पाकीट सुरू होईल. नाव घातलं तर कळलं, तिची नोंद आधीच सासरच्या अंगणवाडीत आहे. ती इकडं ओढायची तर तिकडं दिलेल्या मोबाइलवर एक आकडा जातो, तो विचारून आपण टाकायचा. तिकडं दिलेला मोबाइल नवऱ्याचा. आकड्याच्या वर कोणत्या गावच्या अंगणवाडीनं मागितला तेही लिहिलेलं असतं. माझा अंगठा त्या बटणाच्या अगदी वर होता. मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि वरून रजिस्टर ठेवलं.

त्या दिवसापासून मला एकच काम लागलं. ती कुठल्याच फोटोत यायला नको. माझ्या फोटोवर जागा उमटते आणि ते फोटो मॅडमच्या ग्रुपवर जातात. मॅडमकडून कुठं जातात ते देवाला माहीत. कोंढ्याकडची अंगणवाडीवालीही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असेलच. म्हणून ती दारात दिसली की मी पोरांना भिंतीकडं तोंड करून बसवायची, कॅमेरा भिंतीकडं धरायची. मॅडम ग्रुपवर लिहायच्या, "चेहरे?" वीस वर्षं नोकरी केली, पण एका माणसाला न दाखवण्यासाठी एवढी मेहनत कधी केली नव्हती. पाकिटाचं गावच्या बायकांनी आपसात पाहून घेतलं. प्रत्येक जणी आपले डोळे मिचकावून पाकीट घेऊन जायची आणि जाताना त्यातलं थोडं मावशीच्या दारी देऊन जायची. मी काही पाहिलं नाही.

सातवा लागला तसं मावशीनं धरलं, ओटीभरण पाहिजे. मी म्हटलं, मावशे, बह्याड झाली काय. ती म्हणाली, "माह्या घरात कधी पाळणा नाही हालला. एवढं तरी करू दे मले." कार्यक्रमाच्या दिवशी मी आधी सगळ्या नोंदीतल्या बायकांना साडी गुंडाळून, सोडून, फोटो काढून मॅडमला पाठवून मोकळी झाले. मग माझा मोबाइल पिशवीत घातला, पिशवी खुंटीला लावली आणि हिला साडी नेसवली. तिला गुंडाळली नाही, नीट नेसवली. बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली. ती खाली मान घालून बसली होती. मावशीनं आपला मोबाइल काढून एक फोटो काढला. म्हटलं काढू दे, हौस आहे, घरात ठेवील.

आता मावशीचा मोबाइल कसा, ते सांगते. शेजारच्या पोट्ट्यानं तिला स्टेटस ठेवायला शिकवलं होतं. रोज सकाळी ती फुलं, देव, चहाचा कप असं काहीतरी ठेवायची. तिची समजूत अशी की स्टेटस म्हणजे आपल्या घरातली भिंत. आपण ज्याला घरात बोलावून दाखवू, त्यालाच ते दिसेल. दिवसभर ती बायकांना बोलावून दाखवायची पण. "ये वं, माहा स्टेटस पाय." आणि तिच्या मोबाइलमध्ये लग्नाच्या वेळी घेतलेला एक नंबर होता, "जवाई" म्हणून.

त्याच संध्याकाळी तिनं मलाही बोलावलं. हिरव्या साडीतली भाची, मांडीत नारळ, खाली जोडलेल्या हातांची चार छोटी चित्रं. मी तो मोबाइल हिसकावूनच घेतला, स्टेटस काढून टाकलं. कोणी कोणी पाहिलं ते त्यात दिसतं. "जवाई" त्यात होता. मावशीला समजावून सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ एवढंच म्हणत राहिली, "पण मी त्याले कुठं दाखवला वं?"

तो दुसऱ्या दिवशीच आला. मी मनात एखादा दांडगा, लाल डोळ्यांचा माणूस धरून बसले होते. आला तो पांढऱ्या शर्टातला, भांग पाडलेला, हातात मिठाईचा डबा. सगळ्यांना काका, मामा करून बोलत होता. आधी पाळीवर गेला. आम्हाला सगळ्यांना बुढ्याचीच भीती होती. त्याच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं. आणि हा जवाई तर पाळीवर चांगला तासभर बसला त्याच्याजवळ. बुढ्यानं त्याला तलावात पाणी किती, मासोळी कशी, कोणाच्या पोराचं लग्न कुठं जमलं, सरपंचाचं कोणाशी पटत नाही, सगळं सांगितलं. शेवटी त्यानं बायकोचं विचारलं, तर बुढा म्हणाला, "मले मोतीबिंदू हाय बापू. माणूस हाय का म्हैस, तेच समजत नाही." किराणावाल्यानं सांगितलं, मावशी तर बहिणीकडं गेली. किराणावाल्याला माहीत होतं ना बहिणीशी बोलणं नाही ते, पण घाईत तेच तोंडात आलं. तरी तो नवरा हसला फक्त, आणि माझ्याकडं आला.

ती आत होती. अंगणवाडीच्या मागच्या खोलीत, पाकिटांच्या पोत्यांमागं, मावशीबरोबर. मी कडी बाहेरून घातली होती. तो पोरांच्या छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला, पोरांना पेढे वाटले. पोट्टी पेढा हातात घेऊन माझ्याकडं बघत दात दाखवू लागली. मग त्यानं मोबाइल पुढं केला. स्टेटस त्यानं उतरवून ठेवलं होतं. मावशीच्या तेलकट बोटांनी कॅमेरा धूसर झालेला, खाली घातलेली मान, कपाळापर्यंत पदर. मागच्या भिंतीवरचं आंब्याचं चित्र मात्र चांगलं दिसत होतं. ते चित्र आमच्या दोघांच्या समोरच होतं.

"मॅडम, ही कोण?" मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं.

माझ्या तोंडातून निघालं ते रोजच्यासारखंच निघालं. म्हटलं, "आमच्याकडं साडी एकच हाय भाऊ. नेसली की सगळ्या सारख्याच दिसतात." आणि मी माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. "तुमीच पाहा. सरकारी रेकॉर्ड हाय. तारीख, टाइम, जागा, सगळं खाली येते."

त्यानं बघितलं. एकेक फोटो बोटानं मोठा करून बघितला. हिरवी साडी, नारळ. हिरवी साडी, नारळ. चेहरा दुसरीचा, परत दुसरीचा. मग केळी, हात धुणं, खिचडी, महिनोन् महिने मागं गेला. आतल्या खोलीत काहीतरी खुट्ट झालं, मी एका पोराला उगाच रागावले. त्यानं विचारलं, "लोकेशन बरोबर दाखवते काय हे?" मी म्हटलं, "पक्कं. त्याच्यावरच तर पगार निघते." त्याचा चेहरा पडत गेला. जन्मभर बायकोपेक्षा मोबाइलवर ज्यानं विश्वास ठेवला, त्याला मोबाइलनं नाही म्हटलं होतं. त्यानं माझा मोबाइल परत दिला, धन्यवाद म्हणाला आणि गेला. गाडीचा आवाज पाळीच्या पलीकडं गेल्यावर मी कडी काढली. ती पोत्याला टेकून बसली होती आणि मावशीच्या तोंडावर तिनं हात दाबून धरला होता. मावशीला त्या भीतीतही स्टेटसबद्दल काहीतरी बोलायचंच होतं.

गाव त्या दिवशी फार खूश होतं. बुढ्याचा तर सत्कारच व्हायचा बाकी होता. मोतीबिंदूची गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली की आम्हाला पाठ झाली. आणि पोरगी त्या दिवसापासून गावाची झाली. धान कापणीला आलं तेव्हा ती बाळंत झाली, तुमसरच्या दवाखान्यात, पोरगी झाली. न्यायला गावातलेच, आणायला गावातलेच. कोणी डिंक दिला, कोणी तूप.

मग जे सुरू झालं, ते सगळं जीव लावूनच सुरू झालं. बुढा संध्याकाळी सांगायचा, आज ती थांब्यावर उभी होती, कायले उभी होती? गाडीत तर चढली नाही. तिला सिमकार्ड पाहिजे होतं, तर किराणावाला म्हणाला, आधी मावशीला विचारतो. रस्त्यात एका मास्तरशी हसून बोलली, तर दोन बायका मावशीला सांगून गेल्या, "आमी इतकं केलं तिच्यासाठी. उद्या काही झालं तर गावाचं नाव जाईल." मावशी म्हणायची, दहा मिनिटांत येतो म्हणाली होती, अर्धा तास झाला. मीसुद्धा सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायची. दार लावलेलं दिसलं की हाक द्यायची. ती बाहेर येऊन सांगायची, निजली होती, पोरगी रडत होती, पाणी आणायले गेलती. मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, ठीक आहे.

थंडी सरता सरता एक दिवस ती लेकराला घेऊन अंगणवाडीत आली. पोरं गेली होती, मी झाडत होते. म्हणाली, "बाई, काम लागलं. उद्या जाऊन राहिली." मला आनंद झाला. झाडू टाकून मी तिच्या लेकराला घेतलं. विचारलं, "कुठं वं?"

तिनं माझ्या खांद्यावरच्या लेकराचं टोपरं सारखं केलं.

मी परत विचारलं. म्हटलं, नागपूर काय? भंडारा? कोणाच्या वळखीनं? राहाशील कुठं? एकटी बाई, तान्हं लेकरू.

"तुमी चांगल्या आहा, बाई," ती म्हणाली. "पण तुमाले पण नाही सांगत."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. जिच्यासाठी नोकरी पणाला लावली, खोटं बोलले, मॅडमची बोलणी खाल्ली, ती माझ्या तोंडावर हे म्हणते. मी म्हटलं, "मी का त्याच्यासारखी हाय? काळजी म्हणून विचारून राहिली ना मी."

तिनं लेकरू माझ्या हातातून घेतलं. ती रागावली नव्हती, अगदी हळू बोलली.

"त्यानं पण पयल्यांदा काळजी म्हणूनच विचारलं होतं, बाई."

मग ती गेली. बुढा म्हणतो, तुमसरच्या गाडीत बसली, पुढचं त्याला माहीत नाही, आणि याचं त्याला फार वाईट वाटतं. मावशीला ठाऊक असेल. मावशीच्या घरावरून मी रोज दोनदा जाते. विचारायचं अगदी ओठावर येतं. अजून विचारलं नाही.